सिरॉसिसचा रुग्ण, एक हलणारी दाढ आणि आयएनआर: रक्तस्रावाचा धोका मोजायचा कसा?

असा एक रिपोर्ट तुमच्या समोर आहे असं समजा. रुग्णाला लिव्हर सिरॉसिस आहे, पोटात पाणी झालंय, डोळे पिवळे. बिलिरुबिन ४.१, अल्ब्युमिन २.६, आयएनआर २.२, प्लेटलेट ४६,०००. चाइल्ड-प्यू गुण मोजले तर हा रुग्ण सरळ 'सी' गटात जातो, म्हणजे आजार बराच पुढे गेलेला. ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव घालायचंय, आणि त्याआधी खालची एक किडलेली, हलणारी दाढ काढायची आहे. कारण ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू होतात आणि तोंडातला दबलेला पू तेव्हा जिवावर येऊ शकतो.

डेंटिस्ट रिपोर्ट बघतो आणि लिव्हरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहितो. तिकडून उत्तर येतं, 'आयएनआर १.५ च्या खाली आणून, प्लेटलेट ५०,००० च्या वर नेऊन मग दात काढा.' मग प्लाझ्मा मागवा, प्लेटलेट मागवा, पुन्हा रक्त तपासा, पुन्हा वाट बघा. दात मात्र तिथेच.

आता तुम्ही संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी आहात, म्हणून मी तुम्हाला एकच प्रश्न विचारते. हे १.५ आणि ५०,००० आकडे आले कुठून? ते ओलांडले तर नेमकं किती जणांना रक्तस्राव होतो? आणि ते 'दुरुस्त' केल्यावर किती जणांना होत नाही? हा प्रश्न दिसतो साधा, पण त्याचं उत्तर शोधायला गेलात की शरीरशास्त्र, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचा इतिहास आणि संख्याशास्त्र तिन्ही दारं उघडावी लागतात. म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी समजून घ्यायला हा विषय मला फार चांगला वाटतो. (घरातल्या कुणाच्या रिपोर्टसाठी कुणी हे वाचत असेल तर कृपया निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या. हा लेख उपचारांचा सल्ला नाही.)

जुनं चित्र: लिव्हर बिघडलं की रक्त पातळ

आपल्याला बी.एस्सी.ला शिकवलेलं चित्र असं. रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हरमध्ये तयार होतात: फायब्रिनोजेन, प्रोथ्रॉम्बिन, फॅक्टर ५, ७, ९, १०, ११. लिव्हर बिघडलं की हे कमी होतात. वर पोर्टल शिरेतला दाब वाढल्यामुळे प्लीहा सुजते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून बसतात. शिवाय प्लेटलेट बनवायचा निरोप देणारं थ्रॉम्बोपोएटिनसुद्धा लिव्हरच बनवतं, तेही घटतं. मग निष्कर्ष काय, तर रक्त गोठणार नाही, जखमेतून वाहत राहील.

यातलं एकही विधान खोटं नाही. पण चित्र अर्धं आहे. कारण रक्त गोठू न देणारे घटकही लिव्हरच बनवतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन. तेही त्याच प्रमाणात घटतात. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर अर्धा गेला हे आपण बघितलं, ब्रेकही अर्धे गेलेत हे बघितलंच नाही. आणि फॅक्टर ८ तर सिरॉसिसमध्ये उलट वाढतो, कारण तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशींतून येतो.

प्लेटलेटचंही तसंच. त्यांना जखमेच्या जागी चिकटवणारा डिंक म्हणजे फॉन विलेब्रांड फॅक्टर. तो सिरॉसिसमध्ये खूप वाढलेला असतो, आणि त्याचे तुकडे करणारं एडॅम्ट्स-१३ नावाचं एन्झाइम कमी झालेलं असतं. म्हणजे कामगार कमी झाले पण डिंक जास्त मिळाला. लिस्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच प्रयोगशाळेत दाखवलं.

२०१० मध्ये लिस्मन आणि पोर्टे यांनी 'ब्लड' या नियतकालिकात या सगळ्याला 'पुन्हा साधलेला तोल' अशा अर्थाचं नाव दिलं, आणि २०११ मध्ये त्रिपोदी आणि मानुच्ची यांचा 'न्यू इंग्लंड जर्नल'मधला आढावा आला. हे दोन लेख मुळातून वाचाच. भाषा सोपी आहे. पण 'तोल' या शब्दाने फसू नका. निरोगी माणसाचा तोल म्हणजे रुंद रस्त्यावरून चालणं, आणि सिरॉसिसचा तोल म्हणजे शेताच्या बांधावरून चालणं. माणूस पडलेला नाही हे खरं, पण जंतुसंसर्ग झाला, किडनी बिघडली, की तो कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. एकीकडे रक्तस्राव, दुसरीकडे गुठळी. सिरॉसिसच्या रुग्णांना पोर्टल शिरेत गुठळ्या होतात ही गोष्ट 'रक्त आपोआपच पातळ झालंय' या जुन्या समजुतीत बसतच नव्हती.

आयएनआर कशासाठी बनला होता?

इथे थोडं थांबू. माझ्या मते या विषयाचं मूळ इथेच आहे.

आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये प्रोथ्रॉम्बिन टाइमची चाचणी मांडली. प्लाझ्मामध्ये थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालायचं आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पुढे वॉरफरिनसारख्या औषधांवरचे रुग्ण वाढले आणि एक अडचण आली. प्रत्येक लॅबचं थ्रॉम्बोप्लास्टिन वेगळं, म्हणून त्याच रुग्णाचा आकडा एका लॅबमध्ये एक, दुसरीकडे दुसरा. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर स्वीकारला. रुग्णाचा वेळ भागिले सामान्य माणसांचा सरासरी वेळ, आणि या गुणोत्तराला आयएसआय नावाच्या आकड्याचा घातांक. हा आयएसआय त्या अभिकारकाची संवेदनशीलता सांगतो.

आता नीट लक्ष द्या. हा आयएसआय ठरवताना कुणाचं रक्त वापरलं? वॉरफरिनसारख्या औषधांवर असलेल्या रुग्णांचं. या औषधांनी २, ७, ९ आणि १० हे फॅक्टर घटतात. सिरॉसिसमध्ये फॅक्टर ५ आणि फायब्रिनोजेनही घटू शकतात, म्हणजे बिघाडाचा नमुनाच वेगळा. त्यामुळे सिरॉसिसच्या एकाच रुग्णाचा आयएनआर दोन लॅबमध्ये वेगवेगळा येऊ शकतो, आणि हे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. जो फरक मिटवण्यासाठी आयएनआर आणला, तोच फरक इथे परत येतो. फूटपट्टी चांगली आहे हो, पण ती दुसऱ्या कापडासाठी आखलेली आहे.

दुसरी गोष्ट याहून मोठी. प्रोटीन सी हा ब्रेक कामाला लागायला थ्रॉम्बोमॉड्युलिन लागतं, आणि ते रक्तवाहिनीच्या अस्तरावर असतं. लॅबच्या नळीत अस्तर कुठून येणार? त्यामुळे ही चाचणी फक्त अ‍ॅक्सिलरेटर मोजते, ब्रेक मोजतच नाही. शिवाय नळीत गुठळी धरते तेव्हा एकूण थ्रॉम्बिनपैकी जेमतेम ५% तयार झालेलं असतं. उरलेलं थ्रॉम्बिन नंतर तयार होतं आणि चाचणी तोवर संपलेली असते.

२००५ मध्ये मिलानच्या त्रिपोदींच्या गटाने यावर अगदी साधा प्रयोग केला. सिरॉसिसच्या रुग्णांच्या प्लाझ्मात किती थ्रॉम्बिन तयार होतं ते मोजलं, एकदा थ्रॉम्बोमॉड्युलिन न घालता आणि एकदा घालून. न घालता रुग्णांचं थ्रॉम्बिन निरोगी लोकांपेक्षा कमी आलं. घातल्यावर फरक मिटला. एक अभिकारक जास्त टाकला आणि अनेक दशकांच्या समजुतीला तडा गेला. पीएच.डी.ला नवीन मशीन लागतंच असं ज्यांना वाटतं त्यांनी हा पेपर जरूर उघडून बघावा.

मग आयएनआर टाकाऊ आहे का? नाही. लिव्हर किती काम करतंय हे तो छान सांगतो. म्हणूनच तो चाइल्ड-प्यू आणि मेल्ड या दोन्ही मोजमापांत आहे. मेल्ड तर मुळात टिप्स नावाच्या प्रक्रियेनंतर कोण किती जगेल हे ओळखायला काढलेलं, आणि अमेरिकेत २००२ पासून लिव्हर कुणाला आधी द्यायचं हे ठरवायला वापरतात. म्हणजे आयएनआर 'रुग्ण किती आजारी आहे' या प्रश्नाचं उत्तर आहे. आपण त्याला विचारतोय 'दात काढल्यावर रक्त थांबेल का'. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अर्थात खूप आजारी माणसाला रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यामुळे आयएनआर आणि रक्तस्राव यांचा थोडाफार संबंध दिसेलही. पण त्यामुळे आयएनआर खाली आणला की रक्तस्राव कमी होईल, हे सिद्ध होत नाही. खुणेवर उपचार करून कारण जात नाही.

प्लाझ्मा चढवल्याने काय होतं?

थोडक्यात: फार काही नाही. ताज्या गोठवलेल्या प्लाझ्माचा, म्हणजे एफएफपीचा, नेहमीचा डोस किलोमागे १० ते १५ मिली. ६० किलोच्या माणसाला ६०० ते ९०० मिली. अब्देल-वहाब आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये थोडासाच वाढलेला आयएनआर असलेल्या रुग्णांत एफएफपीचा परिणाम पाहिला, तर १% पेक्षा कमी जणांचा आकडा पूर्ण सामान्य झाला. आयएनआर जास्त असेल तर तो खाली येतो, पण फॅक्टर ७ चं अर्धायुष्य काही तासांचंच, त्यामुळे संध्याकाळपर्यंत परिणाम ओसरतो. आणि हे जवळपास लिटरभर द्रव ज्याच्या पोटात आधीच पाणी आहे, पोर्टल दाब वाढलेला आहे, त्याच्या शिरेत. दाब आणखी वाढतो. दातातलं रक्त थांबवायला अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांवर ताण द्यायचा, असा हा सौदा. अमेरिकेच्या एएएसएलडीचं २०२१ चं मार्गदर्शन आणि युरोपच्या ईएएसएलचं २०२२ चं, दोन्हीही प्रक्रियेआधी आयएनआर 'सुधारण्यासाठी' सरसकट एफएफपी देऊ नका असंच सांगतात. तरी पद्धत चालू आहे. कारण समजण्यासारखं आहे: रक्त वाहिलं तर 'एफएफपी का दिला नाही' असं विचारतील, एफएफपी देऊन त्रास झाला तर 'आजारच मोठा होता' म्हणतील.

प्लेटलेटच्या ५०,००० मागे मात्र थोडा आधार आहे. त्रिपोदींच्या गटानेच २००६ मध्ये दाखवलं की पुरेसं थ्रॉम्बिन तयार व्हायला साधारण ५०,००० ते ६०,००० प्लेटलेट लागतात. पण ते नळीत. खोबणीत नव्हे.

खोबणीत नेमकं काय चालतं?

दात काढल्यावर मागे राहते ती हाडातली खोबण. रक्त येतं ते दाताला हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांमधल्या बारीक वाहिन्यांतून, हाडातून आणि फाटलेल्या हिरडीतून. चारी बाजूंनी हाड आहे, वरून बोट पोचतं. म्हणजे दाबता येतं. लिव्हरच्या बायोप्सीत असं दाबता येत नाही, म्हणून दोन्हींना एकच आकडा लावणं मला पटत नाही. डेंटल कॉलेजातला कुठलाही इंटर्न सांगेल: जिलेटिनचा स्पंज आत बसवा, आडवे टाके घाला, गॉजचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायला सांगा.

तोंडाचा तोटा वेगळाच आहे. लाळ. लाळेत प्लाझ्मिनोजेनला जागं करणारे घटक असतात, आणि जागं झालेलं प्लाझ्मिन गुठळी विरघळवतं. त्यात जीभ सारखी तिथेच जाते. त्यामुळे लगेच रक्त थांबतं आणि रात्री पुन्हा सुरू होतं, असा प्रकार घडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मोजमापाच्या वेळी लागेल. आयएनआर हे विरघळणं अजिबात मोजत नाही.

याला उत्तर म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ते जगासमोर आणलं. १९८९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये एक छोटी पण सुरेख चाचणी आली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरचे ३९ रुग्ण, तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर निम्म्यांना ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने चूळ भरायला दिली, निम्म्यांना नुसत्या प्लासिबोने. प्लासिबो गटात ८ जणांना रक्तस्राव, औषधाच्या गटात एकाला.

पण थांबा. ते रुग्ण वॉरफरिनसारख्या औषधांचे होते, सिरॉसिसचे नव्हते. हा निष्कर्ष उचलून सिरॉसिसला लावायचा असेल तर 'इथेही तसंच होईल' हे गृहीतक आहे, पुरावा नाही. उलट दिशेचीही चूक करू नका. २०२० च्या हॉल्ट-आयटी चाचणीत पोटातल्या रक्तस्रावाच्या १२,००९ रुग्णांत हेच औषध शिरेतून देऊन प्लासिबोशी तुलना केली. मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांतल्या गुठळ्या मात्र ०.४% वरून ०.८% झाल्या. म्हणून चूळ भरणंही धोक्याचं, असं कुणी लिहिलं तर तेही चूकच. औषध तेच, पण रक्तात जाणारी मात्रा आणि जागा वेगळी.

आता आपलं काम: पेपर वाचणं

सिरॉसिस आणि दात काढणं यावरचे अभ्यास शोधलेत की बहुतेक लहान निघतात. काही डझन रुग्ण, एकच हॉस्पिटल, जुन्या फाइलींवरून काढलेली माहिती. निष्कर्ष साधारण एकाच सुराचे: जागेवरचे उपाय नीट केले तर रक्तस्राव कमी होतो आणि झाला तरी बहुतेकदा दाबून थांबतो. मलाही ते खरं वाटतं. पण 'वाटणं' आणि 'दाखवणं' यात अंतर आहे, आणि ते चार ठिकाणी दिसतं.

पहिलं, भाजक. समजा एका अभ्यासात ४० रुग्ण, त्यांच्या ५० बैठका, आणि मिळून १२० दात काढले. रक्तस्राव ३ वेळा झाला, तीन वेगळ्या रुग्णांत. दर किती? रुग्णामागे ७.५%, बैठकीमागे ६%, दातामागे २.५%. तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि सारांशात कुठला येईल हे लेखकाच्या मनावर आहे. पण एकाच तोंडातले चार दात हे चार स्वतंत्र प्रयोग नाहीत हो, रक्त तेच, लाळ तीच, डॉक्टर तोच. १२० ला भागलं की अभ्यास आहे त्यापेक्षा मोठा भासतो. दात हेच एकक ठेवायचं असेल तर गटबद्ध माहितीसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धती वापराव्या लागतात, नुसती काय-स्क्वेअर चालत नाही.

दुसरं, शून्य. 'आमच्या ३० रुग्णांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नाही.' वाचायला छान. १९८३ मध्ये हॅन्ली आणि लिपमन-हँड यांनी 'जामा'त यावर एक सोपा नियम समजावला: घटना शून्य असेल तर खऱ्या दराची ९५% वरची मर्यादा साधारण ३ भागिले रुग्णसंख्या. ३० रुग्णांसाठी १०%. म्हणजे शून्य आलं तरी खरा धोका दहात एक असू शकतो. ३०० रुग्ण असते तर १%. व्हायवाला जाण्याआधी हा नियम पाठ करा, खूप ठिकाणी उपयोगी पडतो.

तिसरं, कुणाला काय दिलं. फाइलींवरच्या अभ्यासात ज्यांचा आयएनआर वाईट होता त्यांनाच एफएफपी दिलेला असतो. मग एफएफपी घेतलेल्यांत रक्तस्राव जास्त दिसला तर एफएफपी वाईट म्हणायचं का? ते आधीच जास्त आजारी होते. आणि अति आजारी रुग्णाचा दात कुणी काढलाच नाही, तो अभ्यासात आलाच नाही. म्हणून 'आयएनआर २.५ पर्यंत सुरक्षित' अशा वाक्याचा खरा अर्थ बऱ्याचदा 'त्यापुढच्या रुग्णांना आम्ही हात लावला नाही' एवढाच असतो. मर्यादा शरीराने घातली की डॉक्टरांनी, हे विचारा.

चौथं माझ्या सगळ्यात आवडीचं. २०१० मध्ये स्टांका आणि सहकाऱ्यांनी सिरॉसिसमध्ये दात काढण्याआधी दोन गोष्टींची तुलना केली, नाकातून डेस्मोप्रेसिन विरुद्ध रक्तघटक चढवणं. ३७ रुग्ण, चिठ्ठी टाकून गट पाडलेले. दोन्ही गट सारखेच निघाले, आणि डेस्मोप्रेसिन स्वस्त. इतक्या कठीण रुग्णांत अशी चाचणी करणं हेच कौतुकाचं आहे. पण तुम्ही दोन प्रश्न विचारायला हवेत. एक, ३७ जणांत 'फरक दिसला नाही' याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. दोन, तिसरा गट कुठे आहे? ज्यांना काहीच दिलं नाही, फक्त टाके आणि बोळा, असा गट नसेल तर दोन्ही उपचार सारखे चांगले आहेत की सारखेच अनावश्यक, हे ठरवता येत नाही. दोन पावसाच्या मंत्रांची तुलना जूनच्या अखेरीस केली तर दोन्ही यशस्वी ठरतील.

थ्रोम्बोएलास्टोग्राफीचं काय, असं तुम्ही विचाराल. हार्टर्ट यांनी १९४८ मध्ये शोधलेली ही चाचणी संपूर्ण रक्ताची गुठळी धरणं आणि विरघळणं दोन्ही बघते. दे पिएत्री यांच्या २०१६ च्या चाचणीत सिरॉसिसच्या ६० रुग्णांत प्रक्रियेआधी आयएनआर-प्लेटलेट बघून ठरवलं तर सगळ्यांना रक्तघटक दिले गेले, आणि या चाचणीवरून ठरवलं तर फक्त १६.७% जणांना, रक्तस्राव न वाढता. पटण्यासारखं आहे. पण तिच्यातही थ्रॉम्बोमॉड्युलिन नाही. आणि ती कमी रक्तघटक द्यायला मदत करते हे दिसलं, रक्तस्राव ओळखते हे नाही.

प्रश्न लिहायला घेताना

आता वहीत गणित करून बघा. 'एफएफपी विरुद्ध काही नाही' अशी चाचणी करायची आहे, आणि रक्तस्राव ४% वरून २% वर येतो हे दाखवायचंय. ८०% पॉवर, ५% अल्फा. प्रत्येक गटात सुमारे ११४० रुग्ण, एकूण २३०० च्या घरात. कुठल्याही एका पीएच.डी.त हे होणार नाही. प्रश्न बदला: 'काही न देणं हे एफएफपीपेक्षा फार वाईट नाही' असं दाखवायचं, दोन्हीकडे ४% धरून, ४ टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल असं मानून. आता गटात सुमारे ३८०. अजूनही एका हॉस्पिटलला जड, पण पाच-सहा मिळून केलं तर आवाक्यात. आणि तो ४ टक्क्यांचा फरक 'चालेल' हे कोण ठरवणार? तो आकडा संख्याशास्त्रज्ञ देत नाही. त्यासाठी रुग्ण आणि डेंटिस्ट यांना विचारावं लागतं, आणि एथिक्स कमिटी तुम्हाला नेमकं हेच विचारेल.

चाचणी झेपत नसेल तर पुढे जाऊन नोंद ठेवणारा अभ्यास करा. जुन्या फाइली नकोत. तिथे रक्तस्रावाची व्याख्या आधी लिहून ठेवा. रक्तस्रावाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्या आहेत, पण त्यात 'मोठा' म्हणायला हिमोग्लोबिन २ ग्रॅमने उतरावं लागतं किंवा रक्ताच्या दोन पिशव्या लागाव्या लागतात. दातामुळे असं क्वचितच होतं. रुग्ण रात्री उशी लाल झाली म्हणून घाबरून येतो, बोळा दाबून घरी जातो. ही घटना मोजायची की नाही? माझं मत, मोजायची, पण वेगळ्या पायरीत. घरी आपोआप थांबलं ही एक पायरी, परत येऊन दाबावं किंवा टाका घालावा लागला ही दुसरी, दाखल करावं लागलं किंवा रक्त द्यावं लागलं ही तिसरी. लाळेमुळे उशिरा येणारं रक्त सुटू नये म्हणून पहिल्या रात्री, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी फोन. फोनवर 'रक्त आलं का' असं विचारू नका, सगळे 'थोडं आलं' म्हणतात. 'थुंकीत लाल रेष होती की तोंड भरून येत होतं' असं विचारा.

फॉर्मवर आयएनआर कुठल्या लॅबचा आणि कुठल्या अभिकारकाचा ते लिहा. फायब्रिनोजेन, क्रिएटिनिन, अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग आहे का, किती दात, मुळं किती, कुणी काढले, याचे रकाने ठेवा. आणि आदल्या ७२ तासांत प्लाझ्मा-प्लेटलेट मिळाले का ही नोंद ब्लड बँकेकडून किती पिशव्या गेल्या आणि वॉर्डात किती चढल्या, अशी दोन्हीकडून जुळवून घ्या. नुसत्या केसपेपरवर विसंबू नका. तिथे 'मागवले' असं लिहिलेलं असतं, 'चढवले' असं नाही.